सांध्याखालचा फुटवा

माझ्या हातून जे झालं त्याबद्दल वयनी चारचौघांत माझ्यावर एकदा ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. ते न ओरडणंच गेलं दीड वर्ष माझ्या डोक्यात बसलं आहे.

वयनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचे हे त्यांना वयनी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणत आले. हातखंब्यावरून आत वळलं की तिसऱ्या वाडीत आमचं घर. घराच्या मागे उतार, उतारावर बाग, आणि बागेच्या वर सडा, म्हणजे नुसता सपाट कातळ आणि त्यावर कमरेएवढं गवत. बाग म्हणजे बहुतेक काजू, सात-आठ आंबे, आणि कडेकडेने ऐन, कुंभा, आवळा अशी कोणी न लावलेली झाडं. थोरले दीर कलमं बांधायचे. पंचक्रोशीतल्या आंब्यांना त्यांचा हात लागलेला आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. लग्नानंतरच्या वर्षी त्यांनी घरासाठी म्हणून जे पहिलं हापूसचं कलम बांधलं ते विहिरीच्या वरच्या अंगाला होतं. बागेत इतकी झाडं, पण वयनी 'ह्यांचं कलम' म्हणाल्या की तेच एक समजायचं.

मी रत्नागिरीत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं गावी राहायला आलो. येताना सामानाबरोबर माझं शहाणपणही टेम्पोत घालून आणलं, आणि ते सगळ्यात जड होतं.

आमच्याकडे पौष सरता सरता बागेभोवती जाळपट्टा काढतात. सड्यावरचं गवत वाळून कडक झालेलं असतं, माघ-फाल्गुनात कुठून तरी वणवा येणार हे धरूनच चालायचं असतं, म्हणून तो यायच्या आधी आपणच बागेच्या कडेचं गवत जाळून दोन-तीन पुरुष रुंदीची काळी पट्टी करून ठेवायची. सकाळी दव असताना लावायचं. वाऱ्याच्या उलट बाजूने लावायचं. दोघांनी ऐनाच्या ओल्या डहाळ्या घेऊन मागे उभं राहायचं आणि आग आत वळली की झोडपायची. हे काम वयनींचं. डोक्याला टॉवेल गुंडाळून, लुगड्याचा काष्टा घट्ट करून त्या पुढे असायच्या. आग त्यांच्या पायाशी गुडघ्याएवढी चालायची, गाय चरत चालते तशी. मी पहिल्या वर्षी पाहिलं आणि माझा जीव कळवळला. आगीत नाकतोडे उडत होते, मुंग्यांची वारुळं धुमसत होती.

मग मी घरात व्याख्यान दिलं. माती भाजते, गांडुळं मरतात, पाचोळा म्हणजे झाडाचं अन्न, ते आपण जाळून टाकतो. जाळायचं बंद. गवत कापायचं आणि झाडांच्या बुंध्याशी जाड पसरायचं, ओल टिकेल. आमच्या ह्यांनी मान डोलावली, कारण चाळीस वर्षं ते माझ्या व्याख्यानांना मान डोलावत आले आहेत. वयनींनी एकदाच विचारलं, "वाळलेलं गवत, झाडाच्या पायाशी?"

"हो. आच्छादन म्हणतात त्याला."

"बरं. तू शिकलेली हायस," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. टोमणा असता तर मी भांडले असते आणि भांडणात कदाचित अक्कल आली असती.

दोन वर्षं सगळं छान झालं. आच्छादनाखाली माती भुसभुशीत, गांडुळं बोटाएवढी. विहिरीवरच्या त्या कलमाला मोहोर असा की पानं दिसेनात. मी शेजारणींना नेऊन माती दाखवत असे. सड्यावर मात्र दोन वर्षांचं गवत साठलं होतं. कोणी कापलं नव्हतं, कोणी जाळलं नव्हतं. वाळलेल्यावर नवं उगवून तेही वाळलं होतं, आणि त्याकडे बघायचं मला सुचलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मला सड्यावरचं मुसळ दिसलं नाही.

तिसऱ्या वर्षी माघात, भर दुपारी, वणवा आला. कोणी लावला ते कळलं नाही. दरवर्षीच कळत नाही. आम्ही जेवायला बसलो होतो. मिरकरवाड्याहून आणलेले बांगडे तव्यावर होते, आणि वयनी मध्येच उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या. "गॅस बंद कर," एवढंच म्हणाल्या. मला तोवर वासही आला नव्हता.

ती आग गुडघ्याएवढी नव्हती. ती माडाएवढी होती, आणि तिला चालायला वेळ नव्हता. काजूची वाळकी पानं रॉकेल ओतल्यासारखी पेटत होती. वाडीतली माणसं डहाळ्या घेऊन धावली, मीही झोडपत होते, माझ्या हातातली डहाळी कधी जळून गेली ते मला समजलं नाही. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आमच्यावरून खाली ओहोळापर्यंत गेलं आणि पाण्याशी थांबलं. घर वाचलं. गोठा वाचला. जिथे गवत नुसतं उभं होतं तिथे आग आली तशी गेली. पण जिथे मी ते कापून, माझ्या हातांनी थापून, वीतभर जाड रचलं होतं, तिथे ती बसली. आंब्यांच्या बुंध्यांशी दोन दिवस धुमसत होती. पाणी मारलं की वाफ यायची आणि खालून पुन्हा धूर.

ह्यांच्या कलमाची साल तडकून सुटली. आतलं लाकूड काळं. मी नखाने खरवडत वर वर गेले, हिरवं कुठेच लागलं नाही. मला रडू आलं आणि मी तिथेच मातीत बसून रडले. वयनी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी म्हटलं, "वयनी, हे मी केलं." त्या म्हणाल्या, "ऊठ. शेण कालवायचं हाय."

त्यांनी शेण-माती कालवली आणि काळ्या बुंध्याला, जिथवर हात पोचला तिथवर, लेप दिला. मेलेल्या झाडाला कशाला, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण आता माझं तोंड कुठे राहिलं होतं?

शिमग्याला त्यांचा मुलगा, आमचा पुतण्या, मुंबईहून आला. गुणी मुलगा. बाग बघून त्याचं तोंड उतरलं, पण मला एक शब्द बोलला नाही. उलट काकीला वाईट वाटू नये म्हणून घाईघाईने पुढचं बोलायला लागला. जेसीबी आणू, सगळी जळकी खोडं मुळासकट उपटू, खड्डे मारू, पावसात नवीन कलमं लावू. पाच वर्षांत बाग पूर्वीसारखी. पालखी आमच्या दारावरून गेली त्या दिवशी त्याने जेसीबीवाल्याशी बोलणंही करून टाकलं.

"विहिरीवरचं ठेव," वयनी म्हणाल्या.

"आई, ते मेलंय. काकीला विचार. ती सांगेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "वरचं सगळं गेलंय. मला काही जिवंत दिसलं नाही."

"वायच थांबा," वयनी म्हणाल्या. "मे महिन्यात सुट्टीवर येशील तेव्हा बघू. नाय फुटलं तर ने." मुलाने मान्य केलं. जेसीबी त्यानेच पुढे ढकलला. म्हणजे त्या झाडाला दोन-अडीच महिन्यांची मुदत मिळाली, आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्या दोन-अडीच महिन्यांत मी जे शिकले ते आयुष्यभर शिकवताना शिकले नव्हते. वर्गात मी मुलांना दूरदेशीच्या झाडांबद्दल सांगायची. अमुक देशात अशी शंकूसारखी फळं असतात की आग लागल्याशिवाय उघडतच नाहीत, तमुक ठिकाणी धुराशिवाय बी रुजत नाही. मुलं तोंडाचा आ करून ऐकायची. आणि इथे आमच्या घरामागे चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने कोरडा ठणठणीत कातळ, आणि दर माघात आग, हे माझ्या डोक्यात वनस्पतिशास्त्र म्हणून कधी आलंच नाही. तो आपला गावचा उपद्रव.

वयनी रोज संध्याकाळी सड्यावर जायच्या. आधी मला वाटलं सरपणाला. मग मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. पहिल्यांदा गेलो तेव्हा काळ्या राखेत चप्पल फसत होती. पंधरा दिवसांनी गेलो तर राखेतून पोपटी गवताच्या सुया वर आल्या होत्या. पाऊस नाही, पाणी नाही, आणि कातळावरच्या दोन बोटं मातीतून हे चाललेलं.

"हे कुठनं आलं?" मी विचारलं. खरंच विचारलं. वयनींनी कातळाच्या एका न जळलेल्या कपारीतून कुसळाचं एक बी काढलं, टोकाशी अणकुचीदार आणि मागे लांब केसासारखी शेपटी असलेलं, ज्याने आमच्या साड्या आयुष्यभर छळल्या. त्यांनी ते तळहातावर ठेवलं आणि शेपटीला थुंकी लावली. पिळलेली शेपटी उलगडायला लागली, आणि बी त्यांच्या तळव्यावर गोल फिरलं. "टोचतंय मेलं," त्या म्हणाल्या. दवाने भिजलं की उलगडतं, उन्हाने वाळलं की पिळतं, आणि असं फिरत फिरत ते स्वतःला मातीत घुसवतं. आग वरून जाते तेव्हा ते जुन्या मुळांशेजारी खाली निजलेलं असतं; मुळं लगेच फुटतात, बी पावसाची वाट बघतं. मातीत चार बोटं खाली वणव्याची ऊबसुद्धा लागत नाही, हे मी नंतर स्वतः उकरून पाहिलं. साडीत शिरतं म्हणून आपण ज्याला शिव्या घालतो ते त्याचं कसब साडीसाठी नव्हतंच. हजारो माघ ज्या गवताला असं फिरता आलं त्याचीच पोरंबाळं उरली.

कुंभा तर मी उगाचच इतकी वर्षं ओळखते असं समजत होते. त्याचं खोड बाहेरून कोळसा झालेलं होतं. वयनींनी कोयत्याने एक टवका काढला. साल दोन बोटं जाड, आणि आत ओलं, लालसर, जिवंत. जुन्या काळी बंदुकीला बत्ती देण्यासाठी कुंभ्याच्या सालीची वात करत, असं थोरले दीर सांगायचे म्हणे, कारण ती भडकत नाही, नुसती धुमसत राहते. त्याच कुंभ्याला चैत्रात पांढरी-गुलाबी फुलं आली, केसाळ, जणू काही झालंच नाही. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, तीही तशीच जाड. आवळ्याने वरच्या फांद्या सोडून दिल्या आणि बुंध्यातून नवे काढले.

मोठ्या कुंभ्यापाशीच हातभर उंचीची तीन-चार रोपं जमिनीलगत जळून गेलेली होती. मी म्हटलं, ही बिचारी नवीन असतील. वयनी हसल्या. "नवीन कुठली? ही माझ्या लग्नापासनं हायत." मी एकाच्या मुळाशी उकरलं तर खाली माझ्या मनगटापेक्षा जाड गड्डा. दरवर्षी वरचं जळतं, दरवर्षी खालून पुन्हा येतं, आणि खाली मूळ तेवढं जाड होत राहतं. एखाद्या वर्षी वणवा चुकला की ते रोप त्या एका वर्षात आगीच्या हाताबाहेर उंच जातं, मग ते झाड. तोवर वाट बघायची. माझी दोन वर्षांची जाळबंदी त्यांच्यातल्या एकाला लाभली होती, ते पुरुषभर वाढून पुढे निघून गेलं होतं. तेवढंच माझ्या खाती पुण्य.

काजूचं मात्र वाईट झालं. बिचारा समुद्रापलीकडून गलबतात बसून आलेला, त्याला इथला माघ कोणी सांगितलाच नाही. पातळ साल, तेलकट पान. आमच्याकडे येऊन त्याला काही शतकं झाली असतील, पण झाडांच्या हिशेबात तो कालचाच पाहुणा. आणि एक सांगते, कोणी याचा अर्थ वणवा चांगला असा काढू नये. दरवर्षी सगळा सडा पेटत राहिला तर कुंभाही थकतो आणि शेवटी नुसतं गवत उरतं. पुरुषभर उंच वाढलेलं रोप आणि कोळसा झालेला काजू दोन्ही एका नजरेत दिसतील अशा जागी उभी राहून मी हे म्हणते आहे. जाळणं बंद करणं आणि मोकाट जळू देणं या दोन्हींच्या मधे गुडघ्याएवढी एक आग असते. तिला वयनींसारखं कोणीतरी पुढे लागतं.

ह्यांच्या कलमाला आम्ही दिवसाआड दोन कळश्या पाणी घालत होतो. चैत्र गेला. काही नाही. मी बुंध्याकडे वर वर बघायची, एखादा डोळा फुटतोय का. वयनी वर बघायच्याच नाहीत. त्या वाकून मुळाशी काटक्या वेचायच्या, माती सारखी करायच्या. मला वाटायचं, त्यांना वर बघवत नाही, आणि मग मला रात्रीचं जेवण जायचं नाही.

मे महिन्यात पुतण्या आला. चहा न घेता थेट विहिरीवर गेला आणि तिथूनच हाक मारली, "काकी, फुटलंय!" मी धावले. वयनी मागून सावकाश आल्या. खरंच, बुंध्याच्या पायाशी काटक्यांच्या कुंपणात, तांबूस कोवळ्या पानांचे तीन फुटवे, टाचणीसारखे ताठ. मुलाचे डोळे भरले होते. "बाबांचं कलम," तो म्हणाला. त्याने फोन काढून फोटो घेतला.

मी खाली बसले आणि बुंध्यावर सांधा शोधला. कलमाला एक सांधा असतो. खाली कोयीपासून वाढवलेलं रायवळ रोप, त्यावर बांधलेली हापूसची काडी, आणि दोन्ही जुळतात तिथे बुंध्यावर जन्मभर एक फुगार राहतो. तो फुगार वीतभर वर होता, काळा, मेलेला. फुटवे त्याच्या खालून, जमिनीतून आले होते. म्हणजे थोरल्या दिरांनी बांधलेलं जे होतं ते गेलं होतं. हे जे आलं ते हापूस नव्हतंच.

गप्प बसले असते तर कोणाला कळलं असतं? पाच-सात वर्षांनी फळ लागेपर्यंत कोणाला नाही. पण एकदा शहाणपण करून यांचं झाड जाळलं होतं, आता गप्प बसून यांना फसवायचं? मी म्हटलं, "वयनी, मला माफ करा. हे सांध्याच्या खालून आलंय. हे भावोजींचं नाही. हे रायवळ आहे."

मुलाने फोन खाली घेतला.

"मला ठाऊक हाय," वयनी म्हणाल्या. "रामनवमीला मातीत लाल टोक दिसलं. तवापासनं काटक्या लावल्यात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू वर बघत होतीस. म्हटलं, बघू दे." आणि मग त्या माझ्या शेजारी मातीत बसल्या, गुडघ्यावर हात टेकत. "खालची कोय कुणाची ठाऊक हाय तुला?"

मला ठाऊक नव्हतं. मुलालाही नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही कोणी विचारलंच नव्हतं.

वयनींचं माहेर खेडच्या बाजूला. घरासमोर एक रायवळ आंबा होता, फळ बारीक, चोखायचं, साखरेसारखं गोड आणि धागेदार. लग्न होऊन निघताना आईने पदरात चार आंबे बांधले. ते त्यांनी वाटेत खाल्ले आणि एक कोय टाकवेना म्हणून इथे आणून विहिरीवर पुरली. ती रुजली. दुसऱ्या वर्षी नवऱ्याने म्हटलं, रोप जोमदार आहे, यावर हापूस बांधतो. "मी नवीन होते, काय बोलणार? म्हटलं बांधा," वयनी म्हणाल्या. "आणि त्यांनी बांधलं पण असं, की सांध्याला कधी डाग नाय लागला. सगळे ह्यांचं कलम, ह्यांचं कलम म्हणायचे. मीपण म्हणायचे. हापूस खाताना खाली कोण हाय ते कोण बघतं?"

माहेरचं ते झाड रस्ता रुंद झाला तेव्हा गेलं. त्या बघायला गेल्या नव्हत्या.

मुलगा फुटव्यांपाशी वाकला. मग चांगल्या मनाने म्हणाला, "आई, पुढल्या वर्षी यावर हापूसची काडी बांधून घेऊ. मूळ एवढं जुनं आहे, दोन वर्षांत धरेल."

"नको," वयनी म्हणाल्या. "एकदा त्याला त्याच्या चवीने येऊ दे."

जेसीबी आला आणि काजूची खोडं काढून गेला. विहिरीच्या बाजूला तो फिरकला नाही. वयनींनी तिथे चुन्याची रेघ मारून ठेवली होती. यंदा पौषात जाळपट्टा काढला. सकाळी दव होतं. डोक्याला टॉवेल गुंडाळून मी पुढे होते, आणि वयनी मागे डहाळी घेऊन उभ्या राहून मला सांगत होत्या, कुठे थांबायचं.